नाताळात कॅरिबियन: बेटाआधी वाट ठरवा

प्रश्न: आम्ही घरातील पाच जण, म्हणजे मी, पत्नी, ११ आणि ७ वर्षांची दोन मुले व माझे ७२ वर्षांचे वडील, येत्या नाताळच्या सुट्टीत कॅरिबियनमधील एखाद्या उबदार बेटावर जाण्याच्या विचारात आहोत. मुलांच्या शाळेला २४ डिसेंबर ते २ जानेवारी सुट्टी आहे. पत्नीला बार्बाडोस पाहायचे आहे. वडिलांचा हट्ट मात्र त्रिनिदादचा आहे, कारण १९७१ साली वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला जिंकलेल्या कसोटीची कात्रणे त्यांनी अजून जपून ठेवली आहेत. सहल कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून मन कचरते. दोन्ही बेटे एकाच सहलीत बसतील का, आणि खर्च आटोक्यात कसा ठेवावा?
(एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: आपल्या पत्रातील ‘उबदार’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल, कारण खर्चाचे मूळ तेथेच आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत या बेटांवरील हॉटेलांचे दर चढे असतात आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात ते अगदी टोकाला जातात, याचे कारण लंडन आणि टोरांटोची माणसे गोठवणाऱ्या थंडीतून पळून तेथे येतात आणि उन्हासाठी हवे तेवढे पैसे मोजतात. डिसेंबरात बार्बाडोसमध्ये दुपारी पारा २९ अंशांच्या आसपास असतो. पार्ल्यात त्या दिवसांत याहून वेगळे काय असते? तेव्हा केवळ ऊन आणि समुद्र हवा असेल, तर मे महिन्याच्या सुट्टीत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिलच्या मध्यानंतर दर उतरलेले असतात आणि चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो, त्यामुळे मेमध्ये तीही धास्ती सहसा नसते. मात्र २०११ पासून वसंत आणि उन्हाळ्यात सारगासम नावाचे तपकिरी समुद्रशैवाल मोठ्या प्रमाणात वाहून किनाऱ्याला लागते व कुजून त्याला वास सुटतो. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्याला त्याचा उपद्रव पूर्वेच्या मानाने बराच कमी असतो. दिवाळीच्या सुट्टीचा विचार मात्र जपून करावा, कारण २०२५ साली मेलिसा हे अतितीव्र चक्रीवादळ जमैकावर आदळले, ते २८ ऑक्टोबरला.

तरीही नाताळातच जायचे असेल, तर ते तेथील नाताळासाठी जावे. बार्बाडोसमध्ये २५ डिसेंबरला पहाटे पाच वाजता राजधानी ब्रिजटाउनच्या सेंट मायकेल कॅथीड्रलमध्ये प्रार्थना होते आणि त्यानंतर माणसे ठेवणीतले कपडे घालून क्वीन्स पार्कमध्ये पोलिसांचा बँड ऐकायला जमतात. एकमेकांच्या टोप्या आणि झगे न्याहाळत बागेत फेऱ्या मारणारी ती गर्दी पाहिली, की आपल्याकडची पाडव्याच्या शोभायात्रेची सकाळ आठवते. घड्याळातील साडेनऊ तासांच्या फरकामुळे आपणा सर्वांना पहिल्या दिवशी पहाटे तीनलाच जाग येणार आहे, तेव्हा एवढ्या लवकर उठण्याचे कष्टही पडणार नाहीत.

आता मुख्य मुद्दा. मुंबईहून निघणाऱ्याने बेट नंतर निवडावे आणि वाट आधी ठरवावी. बार्बाडोस आणि त्रिनिदाद या दोन्ही देशांत भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. या सुखद बातमीवर विसंबून लोक तिकिटे काढतात आणि वाटेतल्या देशाला विसरतात. अमेरिकेतून जायचे झाल्यास केवळ विमान बदलण्यासाठीही त्या देशाचा व्हिसा लागतो, कारण तेथे विमानतळाच्या आतल्या आत एका विमानातून दुसऱ्यात जाण्याची सोय नाही. प्रत्येकाला इमिग्रेशनमधून बाहेर यावेच लागते. लंडनमार्गे जाताना विमानतळाबाहेर पडायचे नसले, तरी भारतीय प्रवाशाला ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो आणि तो मुलांनाही चुकत नाही. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असल्यास यातून सूट मिळू शकते, परंतु तिकीट काढण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या पासपोर्टनिशी खात्री करून घ्यावी.

लंडनच्या वाटेत आणखी एक खाच आहे. बार्बाडोसची काही विमाने हीथ्रोहून सुटतात आणि काही गॅटविकहून. माझ्या परिचयाच्या दादरच्या एका कुटुंबाने स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, मुंबई ते हीथ्रो एक आणि गॅटविक ते ब्रिजटाउन दुसरे. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचे म्हणजे ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करणे आले आणि त्यासाठीचा व्हिसा त्यांच्याकडे नव्हता. मुंबईच्या काउंटरवर पहाटे तीनला हे उघड झाले, पट्ट्यावर ठेवलेल्या बॅगा परत उतरवल्या गेल्या आणि तुळशीला पाणी घालण्यासाठी शेजारणीकडे दिलेली घराची किल्ली सकाळी सहाला बेल वाजवून परत मागण्याची वेळ आली. वेगळ्या तिकिटांमुळे दुसऱ्या विमानाचे पैसेही बुडाले. म्हणून संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर असावा, एकाच विमानतळावर विमान बदलावे आणि बॅगा थेट ब्रिजटाउनपर्यंत जाव्यात, या तीन गोष्टींसाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावेत. सहल कंपनीच्या आकड्यात ट्रान्झिट व्हिसाचे शुल्क आणि टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर, धरला आहे का, हेही विचारावे. टीसीएस नंतर आयकर विवरणात वळता होतो, पण पैसे आधी द्यावे लागतात.

मुंबई ते लंडन साधारण साडेनऊ-दहा तास आणि लंडन ते बार्बाडोस साडेआठ-नऊ तास, शिवाय मधली प्रतीक्षा, असा एका वेळचा प्रवास एक अख्खा दिवस खातो. २४ तारखेला पहाटे निघालात तर घड्याळ मागे जात असल्यामुळे बहुधा त्याच संध्याकाळी पोहोचाल. परत येताना मात्र ते तास भरून द्यावे लागतात आणि १ जानेवारीच्या संध्याकाळी निघालेला माणूस ३ तारखेच्या आगेमागे घरी येतो. म्हणजे हाती राहतात आठ रात्री. त्यात दोन बेटे कोंबू नयेत.

त्रिनिदादच्या बाबतीत वेळेपेक्षा मोठी अडचण वडिलांच्या वयाची आहे. पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे आणि तेथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाते. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि मग ते आयुष्यभर चालते. आपण दोघे आणि मुले यांचे यात फारसे अडणार नाही. परंतु साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून वडिलांच्या डॉक्टरांनी प्रकृती पाहून होकार दिल्याशिवाय ती देऊ नये. बार्बाडोससाठी हा प्रश्न येत नाही, आणि म्हणून मी बार्बाडोसच्या, म्हणजेच आपल्या पत्नीच्या बाजूने आहे.

वडिलांची समजूत घालणे कठीण जाऊ नये. त्यांची कात्रणे पुन्हा उघडून त्यांना त्याच मालिकेतील चौथ्या कसोटीचे पान काढायला सांगावे. ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर वेस्ट इंडीजच्या सोबर्स यांनी नाबाद १७८ धावा ठोकल्यावर आपला डाव कोसळत असताना दिलीप सरदेसाई यांनी १५० धावा केल्या, एकनाथ सोलकर यांनी ६५ धावा करून त्यांना साथ दिली आणि दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ धावांवर नाबाद राहिले, म्हणून ती कसोटी अनिर्णित सुटली व पोर्ट ऑफ स्पेनचा विजय वाया गेला नाही. तिघेही मुंबईचे! मुलांना त्याच मैदानाची ओळख २९ जून २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यामुळे आणि सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने घेतलेल्या झेलामुळे असेलच. २५ आणि २६ डिसेंबर या दोन्ही दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे मैदान पाहण्याचा बेत त्यानंतरचा ठेवावा.

राहण्यासाठी पश्चिम किनारा निवडावा, कारण तेथील पाणी संथ असते. पूर्वेला बाथशेबाकडे अटलांटिकच्या लाटा पाहायला जरूर जावे, मात्र मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. काही किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड असते. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात व वाळूत पडलेली असतात. ती विषारी आहेत आणि झाडाच्या चिकाने अंगावर फोड येतात. पावसाची सर आली म्हणून त्याखाली आडोसाही घेऊ नये, कारण पानांवरून ठिबकणारे पाणीसुद्धा भाजते. पुष्कळ झाडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो, तो मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावा. बॅगा भरताना मुलांच्या मिलिटरी छापाच्या हाफ पँट आणि टोप्या बाजूला काढाव्यात, कारण सामान्य नागरिकाने असे कपडे घालणे तेथे कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यातून मुलेही सुटत नाहीत.

पैशांविषयी एवढेच, की बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक डॉलर, आणि दोन्ही चलने चालतात. म्हणून टॅक्सीत बसण्यापूर्वी ‘कोणते डॉलर’ हे विचारून घ्यावे. टॅक्सीचा खर्च टाळायचा असेल, तर ‘झेडआर’ या अक्षरांच्या नंबर प्लेटची पांढरी व्हॅन आपल्या शेअर रिक्षासारखी ठासून भरते, तिच्यात गाणी मोठ्याने वाजतात आणि कोठेही उतरा, भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर. वडिलांना तिच्यात बसवू नये.

प्रश्न: आम्हीही नाताळात बार्बाडोसला निघालो आहोत. घरात सर्व जण शाकाहारी असून अंडेही चालत नाही. सोबत विजेचा छोटा कुकर नेला तर चालेल का?
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर: कुकर घरीच ठेवावा. तेथे वीज ११५ व्होल्टची आहे आणि आपल्या २३० व्होल्टच्या कुकरला त्यावर जेमतेम चतुर्थांश ताकद मिळते, म्हणजे भात शिजण्याची वाट पाहण्यातच संध्याकाळ जाईल. स्वयंपाकघर असलेली खोली घेणे हा खरा उपाय होय. दुकाने नाताळच्या दिवशी बंद असतात, म्हणून किराणा २४ तारखेलाच भरून ठेवावा. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

बाहेर खाताना चौकशी केल्याशिवाय घास घेऊ नये. ‘मॅकरोनी पाय’ या भाजलेल्या मॅकरोनीच्या पदार्थात पुष्कळदा अंडे असते. मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेले कू-कू माशांबरोबर वाढतात, ते नुसते मागता येते. नीरफणस मात्र मनसोक्त खावा. वसईकडे त्याची कापे तळतात, तेथे तो उकडून किंवा भाजून खातात. नाताळात जग-जग नावाचा पदार्थ करतात, त्यात तुरीचे दाणे आणि ज्वारीचे पीठ असते हे ऐकून आपण हरखून जाल, पण खारवलेले मांसही त्यातच असते. ब्लॅक केकमध्ये रम आणि अंडी, दोन्ही. सॉरेल हे लालभडक पेय मात्र आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे असते, आले, दालचिनी आणि लवंग घालून उकळलेले. मागताना रम न घातलेले मागावे.