मूल खेळतच नाही, कराटे लावू का?

ज्युनिअर केजीतल्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणींचं एकच टेन्शन, मूल नुसतं बसून असतं, स्केटिंग लावू की कराटे? त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडचं कुटुंब, मुलगी साडेचार वर्षांची, तिला चिऊ म्हणू. शाळेच्या ग्राउंडवर सगळी पोरं पळतात आणि ही टीचरची ओढणी धरून उभी. आई रडवेली, "हिच्यात काही कमी आहे का हो मॅडम?"

आधी मी तब्येतीचं विचारलं. पटकन धाप लागते का, सारखी पडते का, एखादा हात किंवा पाय कमी वापरते का, आधी जमायचं ते आता जमेनासं झालंय का. यातलं काही असलं तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, माझ्याकडे नंतर या. तसं काही नव्हतं. मग म्हटलं कालचा अख्खा दिवस सांगा, तर व्हॅन, बेंच, परत व्हॅन, टीव्हीसमोर जेवण, झोप, संध्याकाळी फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे उच्चार शिकवणारा क्लास आणि खाली पार्किंगमध्ये खेळावं तर गाड्यांची ये-जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितलीये, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी, आणि स्क्रीन एक तासाच्या आत. चिऊचा अर्धा तास भरताना मारामार.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. आजी पण सोबत आल्या होत्या, चिऊ सोफ्यावरून उतरली की "पडशील!", खिडकीकडे गेली की "पडशील!" मायेपोटीच हो, पण पोरगी प्रत्येक पावलाला आजीकडे बघत होती. अशा मुलीला कराटेला घातलं तर ती तिथे पण कोपऱ्यात उभी राहणार आणि फी जाईल ती वेगळीच.

म्हणून फोनिक्स तूर्त बंद करायला सांगितलं. आईचा जीव वरखाली, लिहिण्यात मागे पडेल म्हणे! अहो, पेन्सिल नीट धरायला खांद्यात आणि पाठीत जोर लागतो, तो चढण्या-लोंबकळण्यातूनही येतो. रोज संध्याकाळी बाबांनी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅककडे न्यायचं, मळले तरी चालतील असे कपडे घालून, आणि घसरगुंडीवर जबरदस्तीने बसवायचं नाही. आजींना सांगितलं, "पडशील" ऐवजी "घट्ट धर" म्हणा. तर आजी म्हणतात कशा, मी शाळेत लंगडीच्या टीममध्ये होते! म्हटलं लंगडी सध्या राहू द्या, एका पायावर उड्या बऱ्याच मुलांना पाचच्या आसपास जमतात, त्यापेक्षा डोंगर का पाणी खेळा.

महिन्याने आले तेव्हा चिऊ राज्य घेत होती आणि दम आजींना लागत होता. शाळेत मात्र अजून कडेलाच उभी असते, त्यामुळे टीचरला निरोप धाडलाय की सगळ्या घोळक्यात ढकलू नका, सुरुवातीला एकाच मैत्रिणीसोबत बॉल द्या.