कंबर धरली तर झोपून राहावं का?

बादली उचलताना कंबर धरली, आता पूर्ण आराम करू का, असं तुम्ही विचारलंय. नको. एखादा दिवस अंग टाकलंत तर ठीक, पण त्याहून जास्त पडून राहिलात की स्नायू आणखी आखडतात. घरातल्या घरात अधूनमधून सावकाश चाला. गरम पाण्याच्या पिशवीने 15-20 मिनिटं शेक घ्या. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, थेट कातडीवर नको.

खरी कळ येते ती अंथरुणातून उठताना. तेव्हा उताणं असताना झटक्यात उठून बसू नका. आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि हाताने रेटा देत उठा. झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. साधी गोष्ट आहे, पण करून बघाच.

असं दुखणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरतं. मात्र पायातली ताकद कमी झाली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर शेकत बसू नका. रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा. सोबत ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तरीही डॉक्टरांना दाखवाच.