स्वयंचलित वॉटर टॅक्सी बनवणाऱ्या स्टार्टअपमध्ये नोकरी घ्यावी का? पाण्यावरचं काम गाडीपेक्षा सोपं असतं का?

नोकरी जरूर घ्या, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर ठरतं. तुम्ही लिहिलंय की पाण्यावर सिग्नल नाहीत, लेन नाहीत, गर्दी कमी आणि वेगही कमी, म्हणजे विनाचालक गाडीच्या मानाने विनाचालक बोट सोपी असणार. मी बोटींच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. मोकळ्या पाण्यापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण वॉटर टॅक्सीचं खरं काम मोकळ्या पाण्यात नसतंच. ते धक्क्याजवळ असतं.

गाडीच्या सॉफ्टवेअरला काही उमगेनासं झालं, तर बाजूला घेऊन थांबण्याची सोय असते. बोटीला ती नाही. ब्रेक नसतात, वेग मारायचा तर उलटा जोर लावावा लागतो, आणि थांबल्यावरही वारा आणि प्रवाह तिला ओढत नेतात. एका जागी उभं राहायलासुद्धा बोटीच्या मोटारी सतत चालू ठेवाव्या लागतात. शिवाय सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. धक्क्याला लागताना सर्वांत जास्त नेमकेपणा हवा असतो, आणि नेमका तेव्हाच वेग इतका कमी असतो की सुकाणूत जीव उरत नाही.

शेवटच्या दोन मीटरमध्ये काय होतं ते बघा. बोट आडवी सरकत धक्क्याकडे येतेय. बोट आणि भिंत यांच्यामधलं पाणी चटकन बाहेर निघत नाही, ते बोटीला मागे रेटतं. मोटारींनी मारलेला पाण्याचा झोत भिंतीवर आपटून परत येतो आणि बोटीचं तोंड फिरवतो. एवढ्यात वाऱ्याचा झोत केबिनच्या बाजूवर बसतो. प्रवासी बोटींची केबिन उंच आणि बूड उथळ असतं, त्यामुळे वारा त्यांना लगेच ढकलतो. त्याच क्षणी उतरायच्या घाईने सगळे प्रवासी एका बाजूला येतात आणि बोट कलते. भरलेल्या आणि रिकाम्या छोट्या बोटीच्या वजनातच एवढा फरक असतो की एकीसाठी बसवलेलं गणित दुसरीला लागू पडत नाही. मुरलेला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, अशा वेळी पुढून एक दोर टाकून अडकवतो, त्या दोरावर बोटीला ताण देतो आणि मागचा भाग अलगद आत आणतो. सॉफ्टवेअरकडे दोर टाकायला हात नाहीत.

म्हणून माझं ठाम मत आहे की अशा कंपनीचं अर्धं उत्पादन बोट असतं आणि अर्धं धक्का. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांसाठी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आणि ॲमस्टरडॅममधल्या एका संस्थेने मिळून केलेला ‘रोबोट’ (इंग्रजीत Roboat) प्रकल्प बघा. त्यांच्या बोटीला चार थ्रस्टर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, आहेत, त्यामुळे ती पुढे-मागे जाते तशी आडवीही सरकते. पण मला त्यांची खरी हुशारी वाटते ती जोडणीत: बोटीवर एक गोळा आणि समोर नरसाळ्यासारखी खोबण. थोडी चूक झाली तरी गोळा घरंगळत आत जाऊन अडकतो. 2021 मध्ये त्यांनी पूर्ण आकाराची, माणसं नेणारी बोट कालव्यात उतरवली.

आता बोटीला आजूबाजूचं कसं दिसतं त्याबद्दल. लायडारचा, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचा, किरण सपाट पाण्यावर पडला की बहुधा परत येतच नाही. उलट मागच्या बोटीने उडवलेला फेस त्याला भिंतीसारखा दिसू शकतो. कॅमेऱ्याला पाण्यावर चकाकणारं ऊन आंधळं करतं. रडारला लाटांवरून परत येणाऱ्या फालतू संकेतांच्या गर्दीतून लाकडी होडी किंवा कयाक वेगळी काढणं जड जातं, आणि पोहणाऱ्याचं डोकं तर कुणालाच सहज दिसत नाही. मोठी जहाजं एआयएस या रेडिओ यंत्रणेवरून आपली जागा कळवत असतात, पण वॉटर टॅक्सीच्या वाटेत येणाऱ्या बहुतेक छोट्या बोटींवर ते नसतंच.

सिग्नल आणि लेन नाहीत म्हणून पाण्यावर नियमच नाहीत, असंही नाही. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे आहेत आणि 1977 पासून लागू आहेत. दोन यांत्रिक बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसतेय तिने वाट द्यायची, इतपत कोडमध्ये बसवता येतं. पण पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनीही पहारा ठेवायला सांगतो. भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, पाच म्हणजे तुमचा बेत मला कळत नाही. म्हणजे बोटीला मायक्रोफोनही हवा आणि ऐकलेलं समजायलाही हवं. आणि दुसऱ्या नियमाला खलाशाची नेहमीची सावधगिरी अपेक्षित आहे. ती कोडमध्ये कशी लिहायची, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद होतात.

तरीही या क्षेत्राला भवितव्य आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण पगाराच्या हिशेबात आहे. बारा माणसांच्या बोटीलाही तांडेल आणि खलाशी लागतात, म्हणून कंपन्या मोठी फेरीबोट घेतात आणि फेऱ्या कमी ठेवतात. किनाऱ्यावर बसलेला एक माणूस चार-पाच छोट्या बोटींवर लक्ष ठेवू शकला, तर दर थोड्या मिनिटांनी बोट सोडता येते. अडचण एवढीच की खलाशी फक्त बोट चालवत नाही. कुणी पाण्यात पडलं तर काढतो, बॅटरीतून धूर आला तर लोकांना लाइफ जॅकेट घालायला लावतो, बिघाड झाला तर हात काळे करतो. मेफ्लॉवर नावाची माणूसविरहित बोट अटलांटिक ओलांडायला निघाली, तेव्हा 2021 चा पहिला प्रयत्न यांत्रिक बिघाडामुळे सोडावा लागला. 2022 मध्येही वाटेत दुरुस्तीसाठी बंदर गाठावं लागलं. दोन्ही वेळा हात टेकले ते यंत्राने.

आजवर जे जमलंय ते ठरलेल्या वाटेवर जमलंय. फिनलंडमध्ये डिसेंबर 2018 मध्ये फाल्को ही फेरीबोट धक्क्याला लागण्यासकट स्वतःहून गेली, आणि परतीच्या फेरीत तिला दुरून माणसाने चालवलं. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये विद्यापीठाच्या बारा प्रवाशांच्या मिलीॲम्पिअर 2 ने 2022 मध्ये लोकांना कालव्यापलीकडे नेलं. त्याच विद्यापीठातून निघालेल्या झीबझ कंपनीचं तंत्रज्ञान वापरणारी एस्टेल 2023 मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झाली, तीही कॅप्टनला बोटीवर ठेवून. बोलवाल तिथे येणारी खरी टॅक्सी यानंतर खूप उशिरा येईल. जी कंपनी तीच पहिल्यांदा विकायला निघालीय, तिथे मी गेलो नसतो.

मुलाखतीला जाल तेव्हा बोट पाण्यात बघायचीय असं सांगा, आणि वारा असलेला दिवस मागा. बोट भरलेली असताना धक्क्याला लावून दाखवा म्हणा. किनाऱ्याशी संपर्क तुटला तर बोट काय करते, हे विचारा. ‘थांबते’ एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारा की कुठे थांबते, आणि बॅटरी किती वेळ तिला जागेवर धरू शकते. बोटीवर आयुष्य काढलेला एक तरी माणूस टीममध्ये आहे का, तेही बघा. नसेल तर मी दोनदा विचार केला असता. आणि कुठल्या कामासाठी घेताहेत ते निवडायची मुभा मिळाली, तर वस्तू ओळखणाऱ्या टीमपेक्षा धक्क्याला लावण्याच्या टीममध्ये जा. तिथे माणसं कमी आणि न सुटलेलं काम भरपूर आहे.