बास्केटबॉलमध्ये पोस्टवर (रिंगजवळ, रिंगकडे पाठ करून) खेळायला लागलास ना, मग हे वाच

उंच आहेस म्हणून लगेच हूक शॉटच्या (एका हाताने डोक्यावरून बॉल टाकायच्या) मागे लागू नकोस. पोस्टवरचं निम्मं काम बॉल हातात येण्याआधीच होतं. गुडघे वाकव, बूड खाली घे आणि डिफेंडरला पाठीमागे अडकवून ठेव. ताठ उभा राहिलास तर तुझ्याहून वीतभर बुटका पोरगाही तुला ढकलत पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) बाहेर काढेल. पासरला पंजा उघडा दाखव, डिफेंडरपासून लांब असलेल्या हाताचा. दुसऱ्या हाताने त्याला धरू नकोस, शिट्टी वाजलीच समज. बॉल आला नाही तर नियमाप्रमाणे तीन सेकंदांच्या आत पेंटमधून बाहेर ये आणि पुन्हा जागा धर.

बॉल मिळाल्याबरोबर ड्रिबल मारायची खोड मोड. खाली गेलेला बॉल गार्ड लोक (बुटके, चपळ खेळाडू) अलगद उचलतात. हनुवटीखाली घट्ट धर, कोपरं बाहेर, आणि बेसलाइनकडच्या (रिंगमागच्या रेषेकडच्या) खांद्यावरून मागे बघ. तिकडे डिफेंडर दिसला तर मधे वळ. नाही दिसला तर ड्रॉप स्टेप (त्या बाजूचा पाय मागे रिंगकडे टाकून वळणं), लांब टाक, पायाचा अंगठा रिंगकडे. दोघं अंगावर आले तर बाहेर पास, हट्ट नको.

मिकान ड्रिल (रिंगखाली उभं राहून आलटून पालटून दोन्ही हातांनी बॉल टाकणं) रोज, डाव्या हाताने जरा जास्तच. हकीम ओलाजुवॉनचे व्हिडिओ जरूर बघ, पण 'ड्रीम शेक'ची, म्हणजे त्याच्या हुलकावणीची, नक्कल इतक्यात नको (सगळे तिथेच घसरतात), फक्त त्याचे पाय बघ. नायजेरियात तो आधी फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा, बास्केटबॉल बराच उशिरा हाती आला. तरी १९९४ आणि १९९५ साली एनबीएमध्ये (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये) ह्यूस्टन संघाला लागोपाठ अजिंक्यपद मिळवून दिलं.

फ्री थ्रोही (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) मारत जा. पोस्टवर फाउल खूप मिळतात.