एकदा विचारलं म्हणून कोणी ‘सल्लागार’ होतो का?

प्रश्न असा आहे. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या वादात एकाने लिहिलं, ‘फ्रँकलिन रेन्स ओबामांचे सल्लागार होते.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘फिल ग्रॅम मॅकेनचे नुसते सल्लागार नव्हेत, बोलविते धनी होते.’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि एकदा मत विचारलं की समोरचा सल्लागार ठरतो का?

माझ्या मते दोन्ही चालत नाही.

‘सल्लागार’मधला ‘गार’ फारसीतून आला, अर्थ करणारा. पण तेवढ्याने भागत नाही. एक गुन्हा केला की माणूस गुन्हेगार होतो. एक दिवस राबला म्हणून कोणी कामगार होत नाही. निकाल लागतो तो त्याच्या आधीच्या षष्ठीवरून, म्हणजे ‘चा-ची-चे’वरून. ‘एका डॉक्टरला दाखवलं’ आणि ‘ते आमचे डॉक्टर’ यांत जो फरक, तोच ‘अमक्याला विचारलं’ आणि ‘अमक्याचा सल्लागार’ यांत. ‘चा’ लागला की नातं आलं, आणि नात्याबरोबर जबाबदारी.

सप्टेंबर २००८ मध्ये भांडण नेमकं याच ‘चा’वर झालं. फॅनी मे ही गृहकर्जांचा डोलारा पेलणारी कंपनी सरकारने नुकतीच ताब्यात घेतली होती आणि रेन्स तिचे माजी प्रमुख. ओबामांच्या प्रचारातल्या लोकांनी घरबांधणी आणि कर्जांबद्दल त्यांचं मत विचारलं, असं वर्तमानपत्रात आलं होतं. तेवढ्या आधारावर ओबामांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या जाहिरातीने त्यांना ओबामांचे सल्लागार करून टाकलं. रेन्स यांनी स्वतः ते नाकारलं. बातमी घटकाभर खरी धरली, तरी मराठीत ‘ओबामांच्या लोकांनी रेन्सना विचारलं’ एवढंच लिहिता येईल.

ग्रॅम यांची गोष्ट वेगळी. ते मॅकेन यांच्या प्रचाराचे सहअध्यक्ष आणि उघड उघड आर्थिक सल्लागार होते. जुलै २००८ मध्ये ते म्हणाले, ही ‘मानसिक मंदी’ आहे, आपला देश कुरकुर करणाऱ्यांचा झाला आहे. (मंदी डिसेंबर २००७ पासूनच सुरू झाली होती, हे पुढे अधिकृतपणे जाहीर झालं.) त्यावर मॅकेन यांनी सांगितलं, ग्रॅम माझ्या वतीने बोलत नाहीत, माझं मी बोलतो. म्हणजे ‘बोलविता धनी’ हाच आरोप त्यांनी झटकला. आठवडाभरात ग्रॅम यांनी पद सोडलं.

या शब्दप्रयोगावर माझा फार जीव आहे. तुकोबांच्या अभंगात साळुंकी मंजुळ बोलते, पण ‘शिकविता धणी वेगळाचि’. तिथे तो नम्रपणा आहे: शब्द माझे नाहीत, देवाचे आहेत. राजकारणात आल्यावर त्याचाच आरोप झाला: तोंड याचं, शब्द दुसऱ्याचे. सल्लागाराचं ऐकायचं की नाही हे ऐकणाऱ्याच्या हातात असतं. बोलवित्या धन्यापुढे ती मुभाच उरत नाही. म्हणून हा शब्द पुराव्याशिवाय वापरू नये.

‘मसलत’ आणखी निराळी. सल्ला आणि मसलत दोन्ही अरबीतले, मूळ धातू एकच, समेट किंवा हिताचा अर्थ सांगणारा. बखरींत ‘सला करणे’ म्हणजे तह करणे. आज सल्ला एकाने द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. मसलत मात्र बसून करायची. आमच्याकडे जमिनीच्या वाटणीच्या वेळी आजी दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, ‘सल्ला गावाचा घ्या, मसलत घरातच करा.’ लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक कोसळल्यावर त्याच आठवड्यात ओबामा रुबिन, समर्स आणि अमेरिकी केंद्रीय बँकेचे माजी प्रमुख वोल्कर यांच्याबरोबर बसले, ती मसलत. यातले रुबिन आणि समर्स क्लिंटन यांच्या काळातले अर्थमंत्री, आणि बँकांवरची बंधनं सैल करणाऱ्या ज्या १९९९ च्या कायद्याला ग्रॅम यांचं नाव आहे त्याच्या बाजूने तेही होते. तेव्हा ‘कोणाचा सल्लागार दोषी’ हा वाद घालणाऱ्यांनी दोन्हीकडची नावं नीट वाचावीत.

मी लिहीन ते असं: ग्रॅम मॅकेनचे सल्लागार, समर्स ओबामांच्या मसलतीतले, रेन्स यांच्याकडे, बातमीनुसार, विचारणा झाली. आणि ‘बोलविता’मधला ‘वि’ ऱ्हस्व. ‘धणी’ अभंगातला, आज आपण ‘धनी’ लिहितो.