चार मिली औषध आणि आठ महिन्यांची मुलगी

प्रश्न : सिस्टर, आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहतो. मुलगी आठ महिन्यांची, वजन साडेसात किलो. कानात इन्फेक्शन झालंय म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलंय, ४ मिली, दिवसातून दोनदा, सात दिवस. ताप आला तर पॅरासिटामॉलचे थेंब, १ मिली. आज तिसरा दिवस. चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटते, आणि आत गेलेलं फुर्र करून बाहेर काढते. मी नऊला ऑफिसला निघते, त्यामुळे सकाळी अकराचा डोस सासूबाई देतात. त्या तिला मांडीवर आडवं घेऊन, नाक दाबून बोंडल्याने घालतात. ‘आमची तिन्ही मुलं अशीच वाढली’ म्हणतात. तिचा आवाज ऐकून शेजारच्या काकू गॅलरीत येतात. मला ऐकूनच कसंतरी होतं. दुधाच्या बाटलीत मिसळू का? मधाचं बोट लावून देऊ का? झोपेत दिलं तर? काल थेंब संपले, म्हणून जावेच्या मुलाच्या तापाच्या सिरपमधलं १ मिली दिलं, पण ताप उतरला नाही. मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला अगं-तुगंच करा.

उत्तर : तुझं पत्र वाचून मी आधी शेवटी थांबले, त्या जावेच्या मुलाच्या सिरपपाशी. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

थेंबांच्या बाटलीत सहसा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे काल तुझ्या मुलीच्या पोटात जेमतेम २५ किंवा ५० मिलिग्रॅम गेलं. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशोबाने तिला एका वेळी ७५ ते ११० लागतं. ताप उतरणार कसा? हे निभावलं. पण उद्या तुझ्याकडचे थेंब सिरप समजून कुणी पाच मिली पाजले, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम जाईल, आणि त्याचा मार थेट यकृतावर बसतो. आजच थेंबांची नवी बाटली आण, दोन्ही बाटल्यांवर पट्टी चिकटव आणि मोठ्या अक्षरात लिही, ‘थेंब, फक्त बाळाचे’ आणि ‘सिरप, दादाचं’. थेंबांबरोबर आलेला ड्रॉपर त्याच बाटलीसाठी ठेव. दोन डोसांत सहा तास जाऊ दे, दिवसाला चारच्या वर नको.

आता नाक दाबण्याबद्दल. मी महापालिकेच्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात २९ वर्षं काढली. एका पावसाळ्यात पहाटे एक आजी नातवाला पदरात गुंडाळून घेऊन आल्या. बाळ निळसर पडलेलं, छातीत घरघर. औषध पाजताना त्यांनी नाक दाबलं होतं. नाक दाबलं की बाळ तोंडाने जोरात श्वास ओढतं, आणि त्या श्वासाबरोबर औषध श्वासनळीत जातं. त्या बाळाला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस ऑक्सिजन लागला. वाचलं ते. पण ते नऊ दिवस आजी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावरून उठल्या नाहीत. कुणाचंही बाळ रडत असताना त्याच्या तोंडात औषध ओतलेलं मला अजून बघवत नाही.

आणि तुझ्या मुलीचा तर कान दुखतोय. आडवं झोपवलं की कानातला ठणका वाढतो. मांडीवर आडवं घेणं म्हणजे तिच्यासाठी दुखण्याची सुरुवात, त्यात वरून नाक दाबलेलं आणि कडू घोट. तिसऱ्या दिवशी ती चमचा बघूनच ओठ मिटते, यात नवल नाही. चमचा तिने ओळखून ठेवलाय.

म्हणून चमचा बाजूला ठेव. घरातले चमचे एकसारखे नसतातही, एकात तीन मिली मावतं तर दुसऱ्यात सात. केमिस्टकडून ५ मिलीची नवी, सुई नसलेली सिरिंज आण. तोंडावरचं टोपण आणल्याबरोबर कचऱ्यात टाक, ते बाळाच्या घशात अडकतं. बाटली नीट हलव, औषध आधी झाकणात ओत आणि तिथून सिरिंजमध्ये ओढ. उष्टी सिरिंज बाटलीत घालायची नाही.

मग निवांत बस. तिला मांडीवर अर्धवट बसतं घे, पाठ तुझ्या छातीला टेकलेली, डोकं तुझ्या कोपरात. तिचा एक हात तुझ्या काखेखालून मागे जाऊ दे, दुसरा हळूच धर. सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून आत, टोक गालाकडे, हिरडी आणि गाल यांच्या मधल्या जागेत. जिभेवर किंवा घशाकडे नाही. जिभेवर पडलं की कडू लागतं आणि जीभ ते बाहेर ढकलते. अर्धा मिली सोड आणि थांब. घोट गिळलेला गळ्यावर दिसतो. गिळत नसेल तर तिच्या चेहऱ्यावर अगदी हलकी फुंकर मार. या वयाची मुलं फुंकर लागली की बहुधा गिळतात. वॉर्डात नव्या नर्स मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे. मग पुढचा अर्धा मिली. चार मिलीला असे आठ घोट, पाच-सात मिनिटं लागतील. मध्ये रडली, खोकली, तर सिरिंज काढ, तिला खांद्यावर घे, गॅलरीत नेऊन कावळे दाखव. शांत झाली की पुढे. संपलं की लगेच अंगावर पाज, चव जाते.

आठ घोट तुला जड वाटत असतील, तर डॉक्टरांना एक विचार. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेलं अमॉक्सिसिलिन असेल, तर ते ५ मिलीत २२८.५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत ४५७ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. लेबल बघ. तुझी बाटली पहिली असेल, तर दुसरीत चारऐवजी दोन मिलीत काम होतं. फक्त बदल डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आपण घरी हिशोब करायचा नाही. पावडरचं सिरप असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालायचं, आधी निम्मं घालून हलवायचं, मग उरलेलं. लेबलवर तसं लिहिलं असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेव. गार औषधाची कडू चव थोडी बोथट होते. ताप किंवा कानाचा ठणका असेल तर पॅरासिटामॉल अर्धा तास आधी दे, म्हणजे अँटिबायोटिकच्या वेळेला ती कमी किरकिरेल.

दुधाची बाटली नको. तिने अर्धंच प्यायलं तर अर्धा डोस गेला, आणि दुधावरची वासना उडाली तर नवीच पंचाईत. नाचणीच्या सत्त्वातही नको, रोजचा घास बिघडवू नये. अगदीच चालेना तर डॉक्टरांना विचारून कुस्करलेल्या केळ्याच्या एका चमच्यात दे.

मध मात्र बोटभरसुद्धा नाही, वर्ष पूर्ण होईपर्यंत. मधात असणाऱ्या एका जंतूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. त्याने अंग ढिलं पडतं, गिळणं आणि श्वास मंदावतो. गुटी मधात उगाळायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून हे मी प्रत्येक आईला सांगते. आणि गाढ झोपेत काहीच पाजू नकोस, त्या वेळी गिळण्याचं भान नसतं.

हनुवटीवर ओघळलेलं सिरिंजनेच टिपून पुन्हा आत दे. थोडं सांडलं म्हणून डोस परत भरू नकोस. पिऊन अर्ध्या तासाच्या आत भडभडून उलटी झाली, तर डॉक्टरांना फोन करून एकदाच पुन्हा दे. त्यानंतर झाली तर पुढच्या वेळेची वाट बघ. सलग दोन डोस उलटून पडले, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, श्वास जोरात चालला, अंगावर गांधी उठल्या किंवा ती मलूल पडून राहिली, तर तशीच उचलून दवाखान्यात ने. ताप गेला तरी सात दिवस पूर्ण कर.

सासूबाईंचं. दिवसाचे दोनच डोस आहेत, म्हणजे मधे बारा तास. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ बसव, एकदा दोन-तीन तास अलीकडे घेतलं तर चालतं का, ते डॉक्टरांना विचार. दोन्ही डोस तुझ्याच हातून जातील. पण त्यांना बाजूला काढू नकोस. बोंडलं वाईट नाही. कमी दिवसांच्या बाळांना आम्हीही तशाच चोचीच्या भांड्याने दूध पाजायचो, मात्र डोकं उंच ठेवून, ओठांना टेकवून, थेंब थेंब. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि एकदा सिरिंज त्यांच्या हातात देऊन तू नुसती बाळाला धरून बस. तीन मुलं वाढवलेल्या हाताला अर्ध्या मिलीचा अंदाज तुझ्यापेक्षा लवकर येईल.

प्रश्न : मुलुंडहून एक वडील विचारतात, ११ महिन्यांच्या मुलाला सरकारी दवाखान्यातून लोहाचं सिरप मिळालंय. शी काळी होते. दुधातून द्यावं का?

उत्तर : काळी शी लोहामुळेच, घाबरू नका. सहा महिने ते पाच वर्षं वयाला आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही, म्हणून दुधासोबत नको, वरणभात झाल्यावर द्या. दातांवर डाग पडू नयेत म्हणून गालाच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर दोन चमचे पाणी पाजा. ताप किंवा जुलाब असतील ते दिवस वगळा. बाटली त्याच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा, लोहाचा जास्त डोस एवढ्या लहान मुलाच्या जिवावर बेततो.