घाटात काटा वर-खाली

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी जुनी आहे. कुंभार्ली घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर चढतो, मग आपोआप खाली येतो. मेकॅनिक म्हणतात, सेन्सर बदला. बदलू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. बिघडलेला सेन्सर घाट आणि सपाटी ओळखत नाही, त्यामुळे माझा संशय आधी कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर. सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना मुळीच नको, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंट गळ्यापर्यंत हवं. रेडिएटरला जोडलेली कूलंटची बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र उणा, असं दिसलं तर झाकणाचं रबर तपासा. ते कडक झालं की बाटलीतलं कूलंट परत ओढलं जात नाही. काटा चढताना हीटरची हवा अचानक गार होत असेल, तर आत हवा अडकलीय किंवा कूलंट कमी आहे.

पातळी ठीक असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवा. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडू लागतात. आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. अडकत असेल तर नवा बसवा. ‘काढूनच टाकू’ म्हणणाऱ्याचं कृपया ऐकू नका. इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त जातं.

गळती नसताना कूलंट घटत असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) तपासून घ्या. तोवर गाडी घाटात नेऊ नका.